घडवंचीचा वंश

घडवंची म्हणजे काय, हे आता शहरातल्या मुलांना समजावून सांगावे लागते. घडे ठेवण्याची लाकडी मांडणी ती घडवंची. चार पाय, त्यांना बांधून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि वर घागरीचे बूड नीट बसेल अशी गोल भोके पाडलेली फळी. कुठे फळीच्या ऐवजी नुसते दोन जाड दांडे. एवढाच तिचा पसारा. पाळणा, देव्हारा, झोपाळा यांना आपल्या घरांत मान मिळाला, कोरीव नक्षी मिळाली. घडवंचीच्या वाट्याला त्यातले फारसे काही आले नाही. ती बापडी कोपऱ्यात उभी राहून जन्मभर अंगावर पाणी ठिबकवून घेत राहिली.

तिची आठवण आज काढण्याचे कारण थोडे चमत्कारिक आहे. फर्निचरच्या दुकानांतून हल्ली ‘व्हॅनिटी’ नावाची एक वस्तू मिळते. तोंड धुण्याचे बेसिन वर बसवावयाचे आणि खाली नळ्या, साबणाचे डबे, फडकी झाकून ठेवावयाची, असे हे लाकडी कपाट. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ पोकळ अभिमान. साहेबाच्या बायकांच्या शृंगाराच्या मेजाला थट्टेने म्हणा, कौतुकाने म्हणा, हे नाव चिकटले आणि तिथून ते न्हाणीघरात शिरले. दुकानातली किंमत ऐकली म्हणजे अभिमान पोकळ व्हावयास वेळ लागत नाही, ही गोष्ट वेगळी! माझे म्हणणे असे की हे कपाट आपल्याकडे परके वाटत असले, तरी त्याची थोरली पणजी आपल्याच घरात होती, ती म्हणजे घडवंची. आणि पणजीला जे ठाऊक होते ते पणतीला ठाऊक नसल्यामुळेच ही नवी कपाटे चार-दोन पावसाळ्यांत फुगून बसतात.

कोणी म्हणेल, इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह; त्यात बेसिनच्या कपाटाला कोठून आणता? पण ज्या जिल्ह्यात मी राहतो तिथे पाणी कोठून येते, कोण आणते आणि घरात आल्यावर ते कशावर ठेवतात, यापेक्षा मोठा इतिहास कोणता, हे मला कोणी सांगावे. गोदावरी, पूर्णा, दुधना अशा नद्यांचा हा परभणी जिल्हा. तरीही इथल्या आजीबाईला विचारावे, की तिच्या आयुष्याचा किती भाग डोक्यावरच्या घागरीखाली गेला. सेलू तालुक्यातल्या वालूर गावी एक जुनी बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ खाली न जाता चक्रासारख्या फिरत फिरत पाण्याशी जातात. पाहुणे ती पाहून बांधणाऱ्याची वाहवा करतात, आणि ती केलीच पाहिजे. पण मला त्या पायऱ्यांवरून भरलेली घागर घेऊन वर येणाऱ्या बायका दिसतात. गंगाखेड हे जनाबाईचे गाव. जनीसाठी विठोबा दळू लागला, पाणी भरू लागला, असे परंपरा सांगते. देवाने भक्तासाठी काय करावे असा प्रश्न पडला तेव्हा लोकांना सुचले ते हेच: त्याने तिच्या घरचे पाणी भरावे! यात या मुलखातल्या बाईचे सारे मागणे आले.

अशा मोलाने आणलेले पाणी भुईवर कोण ठेवील? त्याला उंच जागा हवी, सावली हवी, वारा हवा. माळवदी घराच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे भिंत थंड असते अशा कोपऱ्यात घडवंची मांडलेली असे. माळवद म्हणजे लाकडी तुळया आणि सरे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. या मातीखालचा गारवा उन्हाळ्यात घडवंचीला मानवत असे. तिच्या खाली एखादी परात किंवा दगडाची कुंडी ठेवीत. ठिबकलेले पाणी तिच्यात जमे आणि ते तुळशीला जाई. घागरी स्वच्छ घासलेल्या, ओळीने मांडलेल्या आणि वर तांब्या उपडा घातलेला.

या चित्राला एक काळी किनार आहे, ती झाकून पुढे जाणे बरे नव्हे. घडवंचीला हात लावण्याचा अधिकार सगळ्यांना नव्हता. तिच्यावरचे पाणी शिवाशिवीने ‘बाटत’ असे. ज्यांच्या कष्टाशिवाय गावाचा गाडा चालत नव्हता, त्यांना त्याच गावच्या बारवेच्या पायऱ्या वर्ज्य होत्या. १९२७ साली महाडच्या तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी उचलले, तेव्हा त्या ओंजळीने देशातल्या किती घडवंच्या हादरल्या असतील याची कल्पना करावी. भिंतीतून निघणाऱ्या नळाला मात्र आपल्याखाली कोणाचा हात आला हे कळत नाही. आमच्या घरांत नळ आला, ही घटना मी केवळ सोयीची मानीत नाही, ती याचसाठी.

पाणी साठविण्याची ही झाली कथा. हात-तोंड धुण्याची सोय निराळी. घरच्या माणसांना मोरी होतीच: कोपऱ्यात उतरती फरशी, कडेला बांध, जवळ घंगाळ आणि थंडीत धुमसणारा तांब्याचा बंब. पाहुण्याला मात्र मोरीपर्यंत नेत नसत. जेवण झाले की पितळेचे तस्त त्याच्यासमोर येई आणि घरातला मुलगा झारीने त्याच्या हातावर पाणी घाली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा इथल्या बड्या घरांत या सरंजामाला फारसी-उर्दू नावे मिळाली: पाणी घालावयाचा तो आफताबा आणि पाणी झेलावयाची ती चिलमची. याच संस्थानातल्या बिदर शहरचे कारागीर जस्त आणि तांब्याच्या काळ्या धातूवर चांदीची वेलबुट्टी जडवीत, आणि त्या सुंदर बिदरी कामातही चिलमची घडवीत. हात धुण्याच्या उष्ट्या पाण्यासाठी चांदी जडवावयाची! पण त्यामागचा विचार मला आवडतो. पाहुणा बसल्या जागी बसला आहे आणि पाणी त्याच्याकडे चालत येते आहे, हा मान होता. आज पाहुणा बेसिनपाशी उठून जातो. आपण त्याला नुसते बोट दाखवितो.

आता या दोन धारांना तिसरी येऊन मिळाली, ती विलायतेहून. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या सुखवस्तू घरांत निजावयाच्या खोलीत एक लहानसे मेज दिसू लागले. वर चिनी मातीचे भांडे बसेल असे गोल भोक, खाली पाण्याच्या सुरईला फळी, मध्ये साबणासाठी खण. लंडनच्या टॉमस चिपेंडेल या प्रसिद्ध सुताराचे नमुन्यांचे पुस्तक १७५४ साली प्रथम निघाले आणि पुढे वाढत गेले, त्यात अशा मेजांचीही चित्रे आहेत. भांड्यासाठी गोल भोक पाडलेली फळी आणि तिला चार पाय! आमच्या घडवंचीने ते चित्र पाहिले असते तर ‘अगबाई, ही कोण धाकटी जाऊ?’ असेच म्हटले असते. पाण्याचे भांडे उंचावर ठेवावयाचे आणि खालून वारा खेळू द्यावयाचा, हा प्रश्न जिथे जिथे पडला तिथे तिथे सुताराने जवळजवळ एकच उत्तर दिले. कोणी कोणाची नक्कल केली असे मानण्याचे कारण नाही.

हे विलायती मेज साहेबाबरोबर हिंदुस्थानात आले आणि छावण्यांत, डाकबंगल्यांत, आगगाडीच्या विश्रामगृहांत उभे राहिले. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही अरुंद रुळांची आगगाडी गोदावरीच्या खोऱ्यातून धावू लागली. परभणी तिच्या वाटेवर आली आणि पूर्णा तर पुढे जंक्शनच झाले. पांढऱ्या इनॅमलचे भांडे आणि त्याखालची लाकडी घोडी हा थाट या मुलखातल्या चार माणसांच्या दृष्टीस पडण्याची वाट अशी मोकळी झाली. अजूनही भांड्यात पाणी हातानेच ओतावे लागे आणि हातानेच फेकावे लागे. नळ यावयाचा होता.

नळाने पाणी आणण्याची विद्या मराठवाड्याला नवी होती असे मात्र समजू नये. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मलिक अंबराने खडकी शहरात, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून कालवे आणि मातीचे नळ घालून पाणी खेळविले होते. परंतु ते पाणी शहराचे. खेड्यातल्या घागरीचे ओझे त्याने तसूभरही हलके झाले नाही. आमच्याकडे खरा पालट झाला तो स्वातंत्र्यानंतर. जिंतूर तालुक्यात पूर्णेवरचे येलदरी धरण १९६८ साली पुरे झाले. पैठणच्या जायकवाडीचा पाया १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी घातला आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. त्याचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यात उतरला. या दोन सालांच्या मध्ये १९७२ चा दुष्काळ उभा आहे. त्या साली विहिरींनी तळ दाखविला आणि कित्येक घरांतल्या घडवंच्या रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या. पुढे विंधनविहिरी आल्या, हातपंप आले, नळ आले. नळाबरोबर भिंतीवर पांढरे बेसिन आले, आणि घडवंची माळ्यावर गेली. नाही तर बंबात.

बेसिन प्रथम भिंतीला लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेले असे. खालची वाकडी नळी उघडी दिसे. तिची लाज वाटू लागली ती अलीकडे, घरे चकचकीत होऊ लागल्यावर. मग ती नळी झाकावयास कपाट आले. इथे चूक झाली. कपाट करणाऱ्याने नमुना घेतला तो कपड्यांच्या कपाटाचा. चारी बाजू बंद, तळ भुईला टेकलेला, दारे घट्ट. कपड्याला धूळ लागू नये म्हणून जी युक्ती, तीच पाण्याच्या शेजारी मारक ठरते. नळीला कुठेतरी पाझर असतोच, फरशी धुतल्यावर पाणी तळाशी जातेच, आणि आत कोंडलेली ओल बाहेर पडावयास वाट नाही. त्यात माल वापरलेला असतो तो लाकडाचा भुसा सरसात दाबून केलेल्या तक्त्याचा. त्याने एकदा पाणी प्याले की तो पोळीसारखा टम्म फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

आता पणजीकडे पाहा. लाकूड सर्वांत अधिक पाणी पिते ते त्याच्या कापलेल्या टोकाने, कारण झाडाने मुळातून शेंड्याकडे रस नेलेल्या बारीक नळ्यांची तोंडे तिथे उघडी असतात. घडवंचीच्या पायांची टोके म्हणूनच तेल पिऊन घट्ट केलेली आणि चपट्या दगडांवर टेकलेली असत. हीच खबरदारी घरातल्या खांबाची. माळवदाचा लाकडी खांब कधी मातीत पुरीत नसत. त्याच्या खाली घडीव दगड असे, त्याला तळखडा म्हणतात. घर पडले तरी तळखडे जागच्या जागी राहतात. दुसरे असे की घडवंचीला पाठ नाही, तळ नाही, दार नाही. भिजते तितक्याच लवकर ती सुकते. तिसरे, तिचे सांधे खिळ्यांचे नसत. एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ, आणि दोहोंतून आरपार बांबूची खुंटी. ओलीने खिळा गंजतो आणि सभोवतालचे लाकूडही खातो; खुंटी मात्र फुगून अधिकच घट्ट होते. लाकूड भिजणारच हे धरून चालणारा सुतार आणि ते भिजू नये अशी आशा धरणारा सुतार, यांच्या हातात एवढा फरक पडतो.

खर्चाचा विचारही जुन्या माणसांनी करून ठेवलेला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या आपल्या पुस्तकात बलुतेदारीची बरीवाईट सगळी हकीकत मांडली. सुतार हा बलुतेदारांतला थोरल्या ओळीचा मानकरी. नांगर, वखर, पाभर दुरुस्त करावयाची आणि सुगीला कुणब्याच्या खळ्यावरून धान्य न्यावयाचे, हा व्यवहार. घरातली घडवंची, पाट, चौरंग हे शेतीबाहेरचे काम. त्याचा मोबदला बहुधा निराळा ठरे. मात्र लाकूड घरधन्याचे असे. बांधावरची बाभूळ तोडून ओंडका पावसाळाभर डबक्यात बुडवून ठेवावयाचा, म्हणजे त्यातला कीड बोलावणारा रस निघून जातो. मग सावलीत वाळवावयाचा. सागवान हवे असेल तर ते किनवट-माहूरच्या रानातून किंवा आदिलाबादकडून येई, आणि ते ज्याला परवडे त्याने घ्यावे. घाई नसणे हीच त्या काळची मोठी बचत होती.

हे सारे पुस्तकी पांडित्य एकदा हाताने पडताळून पाहावे असे मला वाटले आणि मी परभणीतल्या आमच्या घरासाठी बेसिनखालची मांडणी करावयास घेतली. लाकडाचा शोध जुन्या बाजारात संपला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या भिंतींवर जड छत पेलणारी घरे माणसांवर कोसळली. तेव्हापासून मराठवाड्यात माळवदाची जी धास्ती बसली ती बसलीच. सिमेंटच्या हौसेने उरलेसुरले काम पुरे केले. उतरविलेल्या माळवदांचे सरे, तुळया, चौकटी अजून वखारींतून मिळतात, आणि नव्या सागवानापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. शंभर वर्षे वाळलेले लाकूड! ते आता नव्याने काय वाकणार? मी घरच्या कामापुरते चार सरे आणि एक मोडकी चौकट घेतली. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांचाही मोह पडतो, पण त्यांना टिकण्यासाठी डांबरी तेल पाजलेले असते. त्याचा वास आणि स्पर्श घरात नको.

वखारीतून मी ते आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेले. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी प्रत्येक सरा नखाने टोकरला, वाकसाच्या पाठीने ठोकून आवाज ऐकला, एक बाजूला काढला आणि म्हणाले, “गुरुजी, हा आतून पोकळ हाय. वाळवीनं खाल्लाय. बाकीचं सोनं हाय.” मग विचारले, “करायचं काय?” मी सांगितले. ते हसले. “म्हंजी घडवंचीच की! नाव बदललं म्हनून काय झालं?” माझ्या साऱ्या प्रबंधाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगून टाकल्यावर मला फार बोलावयाचे उरले नाही. मी करवत धरली, त्यांनी सांधे काढले.

ज्यांना असे काही करावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडा तपशील देतो. बेसिनची वरची कड भुईपासून ३२ इंच उंच ठेवली; घरात उंच माणसे असतील तर आणखी दोन इंच घ्यावेत. रुंदी ३० इंच, खोली १८ इंच. चार पाय सऱ्यांचे, प्रत्येकाखाली शहाबादी फरशीचा लहान चौकोन. तो आमचा तळखडा. वरचा तक्ता लाकडाचा न करता काळ्या कडप्प्याचा केला, कारण साचलेले पाणी दगडाने सोसावे, लाकडाने नव्हे. फरशीवाल्याकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात; मोठ्या लादीपेक्षा ते कितीतरी कमी पैशांत मिळतात. पाठ पूर्ण उघडी ठेवली, म्हणजे नळीला हात घालता येतो आणि वाराही फिरतो. खालची फळी भुईपासून ८ इंच वर, आणि फळी कसली, बोटभर फटी सोडून बसविलेल्या पट्ट्या. समोर दार नाही. गृहिणीचा आग्रह असेल तर तिरप्या पट्ट्यांची दारे लावावीत, घट्ट बंद दारे लावू नयेत.

जुने लाकूड मिळालेच नाही तर प्लायवूडवाचून गत्यंतर नाही. पण विकत घेताना त्यावर आयएस ७१० हा आकडा आहे की नाही हे पाहावे. या जातीच्या प्लायवूडचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याचा सरस तपासतात. आयएस ३०३ ची जात स्वस्त असते आणि बैठकीच्या खोलीत उत्तम. मोरीशेजारी मात्र आधीचीच घ्यावी. जाडी १८ मिलिमीटर पुरे. कापलेल्या कडा उघड्या सोडू नयेत, कारण प्लायवूड पाणी पिते ते कडेनेच. आठ बाय चार फुटांच्या एका तक्त्यात एवढ्या आकाराचे काम सहज बसते, मात्र करवत लावण्यापूर्वी सारे तुकडे कागदावर आखून घ्यावेत.

रंगाचे म्हणाल तर मी जवसाचे उकळलेले तेल वापरले. आमच्याकडे जवस पूर्वी घरोघर खाल्ले जाई, तेल घाण्यावर निघे. फडक्याने पातळ हात द्यावा, एक-दोन दिवस सुकू द्यावे, असे तीन-चार हात. पायांची टोके तर वाटीत तेल घेऊन त्यात उभी करून ठेवली. रात्रभरात वाटी निम्मी झाली. एक सावधगिरी मात्र अगत्याने घ्यावी. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल सुकताना तापते, आणि बोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेट घेते. ती उन्हात पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

मजुरीची गोष्ट काढली तेव्हा मिस्त्री म्हणाले, “पैसे द्या, पन सुगीला पोतंभर ज्वारी बी द्या.” शेत नसलेल्या माझ्यासारख्याला हे बलुते बाजारातून विकत आणून द्यावे लागले, याचे त्यांना मोठे हसू आले. त्यांच्या हाताखाली मात्र आता कोणी शिकत नाही. मुलगा मोठ्या शहरात तयार दारे बसविण्याच्या कामावर आहे. रंध्याला त्याने बरेच दिवसांत हात लावलेला नाही. मी सांध्यांची चित्रे वहीत काढून ठेवली आहेत, पण खुंटी किती घट्ट बसली हे चित्रात दाखविता येत नाही. ते ठोकण्याच्या आवाजावरून कळते.

आमच्या शहराने नळाला रोज पाणी न येण्याची वर्षे पुष्कळ काढली आहेत. म्हणून बेसिनखालच्या पट्ट्यांवर साबणाचे डबे मावले नाहीत. तिथे पहिल्याच आठवड्यात पत्नीने दोन भरलेले हंडे आणून ठेवले, आणि त्यांवर झाकणे. उरलेल्या लाकडाचे दोन पाट झाले. एकाला मिस्त्रींनी न सांगता खालून दोन आडव्या पट्ट्या ठोकून त्याला भुईपासून बोटभर वर उचलले. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून नातवंडे त्यावर बसतात, तेव्हा पाणी पाटाखालून वाहून मोरीकडे जाते, आणि सकाळी उन्हे अंगणात येईतो पाट कोरडा झालेला असतो.